आत्या, डोराकेक कर ना!

फोन नेमका डेडलाइनच्या रात्री आला. म्हणजे तो तेव्हाच येतो. लेख अर्धा लिहून झालेला, कॉफी थंड, आणि पलीकडून एक किनरा आवाज.

"आत्या, पोळ्याला येऊन राहिली ना तू?"

"येते ना राजा."

"मग डोराकेक करशील?"

पलीकडे आमचे भाचेराव. वय वर्षे आठ, मुक्काम पोस्ट ऊर्जानगर, जिल्हा चंद्रपूर. ज्यांच्या घरात लहान मूल नाही त्यांच्यासाठी सांगते, डोराकेक हा डोरेमॉन नावाच्या निळ्या रोबो-बोक्याचा जीव की प्राण. जपानमध्ये त्याला दोरायाकी म्हणतात. दोन छोटे गुबगुबीत पॅनकेक आणि मध्ये लाल कडधान्याचं गोड सारण. आता आपल्याला पॅनकेक म्हणजे काय हो, दहा मिनिटांचं काम! मैदा, अंडं, दूध, तवा, फोटो, अपलोड. झालं.

पण आमच्या भाचेरावांना मैदा चालत नाही. कणीक, रवा, शेवया, दलिया, बिस्किट, ब्रेड, काहीच नाही. त्याला सीलिअॅक आहे. गहू आणि जवासारख्या धान्यांतलं ग्लूटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर तुटून पडते. आतड्याच्या आतली मखमलीसारखी लव सपाट होते, आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. त्यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. ग्लूटेन बंद, आयुष्यभर. एवढाच इलाज.

हे कळायलाच दोन वर्षं गेली. पोट फुगलेलं, हातपाय काड्या, उंची थांबलेली, रक्त कमी. एका डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, दुसऱ्यांनी लोहाचं टॉनिक, आणि शेजारच्या काकूंनी दृष्ट काढली. सगळे एकमुखाने म्हणायचे, "खात नाही ना, म्हणून." आणि मग आई त्याला आणखी एक पोळी भरवायची. शेवटी नागपूरला टीटीजी नावाची रक्ताची तपासणी झाली, मग एंडोस्कोपी करून आतड्याचा तुकडा तपासला, आणि पोळीच गुन्हेगार निघाली. (तुमच्या ओळखीत कुणाला असा संशय असेल तर एक लक्षात ठेवा. तपासणीआधी गहू बंद करायचा नाही. बंद केला तर रिपोर्ट फसवा येऊ शकतो.)

खरं सांगायचं तर मी या 'ग्लूटेन-फ्री' प्रकरणाकडे फार गंभीरपणे कधी पाहिलं नव्हतं. पुण्यात आमच्या ग्रुपमध्ये तो डाएटचा फंडा होता. मीही केलाय, अकरा दिवस. अकराव्या दिवशी ऑफिसबाहेर वडापाव खाल्ला आणि विषय संपला. तेव्हा 'सॉलिड! ग्लूटेन-फ्री डोराकेक! ओट्सचं पीठ घेऊ, हाय काय नाय काय' असंच माझ्या डोक्यात आलं. ओट्समध्ये गव्हाचं ग्लूटेन नसतं, हे मला माहीत होतं. माझं ज्ञान तिथेच संपत होतं, हे माहीत नव्हतं.

पुढचे दोन वीकएंड मी फ्लॅटवर प्रॅक्टिस केली. ओट्सचं पाकीट आणलं, मिक्सरला फिरवलं, बारीक चाळलं. पहिला घाणा लगदा झाला. दुसरा उलटताना चार तुकडे. तिसरा वरून खरपूस, आतून ओला. मग लक्षात आलं की मी पिठाला मैद्यासारखं वागवत होते. मैद्यातलं ग्लूटेन जाळं विणतं, हवा धरून ठेवतं, उलथन्याची दांडगाई सहन करतं. ओट्समध्ये तसलं जाळं नाही. त्याचा स्वभाव वेगळा, पाणी पिण्याचा. भिजवलं की सैल वाटतं, आणि पंधरा मिनिटांनी पाहाल तर घट्ट खिरीसारखं. म्हणून आधी भिजवून ठेवायचं, मग दूध घालून सारखं करायचं, आणि आच मंद. दुसऱ्या वीकएंडच्या शेवटी माझे पॅनकेक असे जमले की रूममेटने न विचारता पाच खाल्ले. उरलेलं पीठ मी डब्यात भरलं, डब्याला निळी रिबन बांधली, आणि निघाले.

रात्रभर पुणे-नागपूर, मग सकाळी नागपूरहून बसने दीडशेएक किलोमीटर. वरोरा, भद्रावती, आणि मग लांबूनच त्या चिमण्या दिसायला लागतात. आमचं बालपण त्यांच्याच सावलीत गेलं. बाबा चंद्रपूरच्या वीज केंद्रात होते, आता दादा आहे. २,९२० मेगावॉटचं केंद्र, शेजारी दुर्गापूरची कोळसा खाण, पाण्याला इरई धरण, आणि या सगळ्याच्या कुशीत आमची क्वार्टर्सची कॉलनी. पलीकडे ताडोबाचं जंगल. तुम्ही पुण्यात घरात लाइट लावता तेव्हा आमच्या गॅलरीत वाळत घातलेल्या बनियनवर थोडी राख पडते. तक्रार नाही, माहितीसाठी सांगितलं.

तर मी पोचले. भाचेराव गळ्यात पडले. मी ऐटीत डबा काढला.

वहिनींनी डबा हातात घेतला, झाकण न उघडताच विचारलं, "ताई, ओट्स कोणते हो?"

मी कंपनीचं नाव सांगितलं.

"पाकिटावर ग्लूटेन-फ्री लिहिलं होतं?"

"वहिनी, ओट्स आहेत ते. ओट्समध्ये कुठे गहू असतो?"

"मिक्सर तुमच्या फ्लॅटवरचाच ना? त्यात आणखी काय काय दळता?"

आता आमच्या रूममेटची आई लाडू करून पाठवते, आणि ते फार कोरडे झाले की ती मिक्सरला फिरवून पुन्हा वळते. कणकेचे लाडू. मी गप्प बसले. वहिनी काही बोलल्या नाहीत. माझा निळ्या रिबनचा डबा त्यांनी कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवला आणि हात साबणाने धुतले. हात धुतले, मंडळी! जसं काही मी उंदीर मारायचं औषध आणलं होतं.

दोन वीकएंड, दोन पाकिटं आणि एक रात्रीचा प्रवास! मी रुसले. आईने अर्थातच माझी बाजू घेतली. "काय बाप्पा, एवढी पुण्याहून पोरगी घेऊन आली. एवढ्याशानं काय होते? तिचं तर नेहमीचंच आहे. माझ्या हातचं पाणी पण त्या पोराला देऊ देत नाही." वहिनी ओट्यापाशी पाठमोऱ्या. दादा पेपरात डोकं घालून. सासू-सून मालिकेत घालतात ती पार्श्वसंगीताची धून तेवढी नव्हती.

रुसून बाहेर फिरायला जावं तर ऊर्जानगरात तीही सोय नाही. अंधार पडला की इथे कुणी एकटं फिरत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये वीज केंद्राच्या परिसरात घरी निघालेल्या एका कामगाराला वाघाने मारलं, तेव्हापासून तर नाहीच. म्हणून मी रुसून गॅलरीत बसले.

थोड्या वेळाने वहिनी चहा घेऊन आल्या. शेजारी बसल्या. आणि काही न बोलता गॅलरीच्या कठड्यावरून बोट फिरवलं. बोट काळं.

"सकाळीच पुसला होता ताई. दिसते का काही? नाही दिसत. पीठ असंच असते."

मग त्या बोलल्या. त्या दीड वर्षात पहिल्यांदाच इतकं बोलल्या असतील. मागच्या उन्हाळ्यात एका लग्नात त्यांनी पोरासाठी घरून डबा नेला होता. पंगतीत कुणीतरी प्रेमाने त्याच्या ताटात आमटी वाढली. तुरीच्या डाळीची आमटी, तीत कुठे गहू? रात्रीपासून उलट्या. तीन दिवस शाळा बुडली. नंतर वहिनींनी शोध घेतला. बाजारात मिळणारा बांधानी हिंग बहुतेक वेळा मैदा किंवा कणीक मिसळून केलेला असतो, शिवाय आमटी दाट करायला आचारी काय घालतो ते कोण विचारणार? नेमकं कशाने झालं ते कळलंच नाही. "हेच तर कठीण आहे ना," वहिनी म्हणाल्या. "आणि उलटी झाली तर निदान समजते. कधी कधी वरून काहीच दिसत नाही आणि आत नुकसान होऊन राहते."

आईच्या 'एवढ्याशानं काय होते' या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते मी त्या रात्री मोबाइलवर वाचलं. २००७ साली इटलीतल्या संशोधकांनी सीलिअॅकच्या रुग्णांना तीन महिने रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लूटेन देऊन पाहिलं. तेवढ्यानेही आतड्याचं नुकसान झालं. आता हिशेब करा. मध्यम आकाराच्या एका पोळीत साधारण अडीच-तीन ग्रॅम ग्लूटेन असतं. म्हणजे पोळीचे पन्नास-साठ तुकडे केले तर त्यातला एक. लाटण्याला चिकटलेलं पीठही तेवढं भरेल! म्हणूनच आपल्याकडे एफएसएसएआयने 'ग्लूटेन-फ्री' लिहायला किलोमागे जास्तीत जास्त २० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे.

आणि ओट्स? ओट्स बिचारे सज्जन, पण संगत वाईट. ज्या शेतात आदल्या वर्षी गहू, त्यातच पुढच्या वर्षी ओट्स. तेच कापणीचं यंत्र, तोच ट्रक, तीच गिरणी. साध्या पाकिटातल्या ओट्समध्ये गहू आणि जवाचे दाणे सापडणं ही काही नवलाची गोष्ट नाही. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात तसं छापलेलंही असतं. माझ्या पाकिटावरही होतं. मी कॅलरी वाचल्या होत्या, ते वाचलं नव्हतं.

या ओट्सची भानगड जुनी आहे बरं का. सीलिअॅकच्या मुलांचा गुन्हेगार गहू आहे हे शोधून काढलं विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञांनी. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, ब्रेड मिळेनासा झाला, आणि एरवी खंगत जाणारी ही मुलं मात्र त्या काळात बरी राहिली. ब्रेड परत आला तशी पुन्हा आजारी. डिके यांना गव्हाचा संशय आधीपासूनच होता, युद्धाने तो पक्का केला. १९५० साली त्यांनी प्रबंध लिहिला, आणि त्यात गहू, रायबरोबर ओट्सनाही दोषी धरलं. पुढे पंचेचाळीस वर्षं ओट्स तुरुंगात. १९९५ साली फिनलंडमधल्या अभ्यासात दिसलं की सीलिअॅकच्या बहुतेक मोठ्या माणसांना ओट्स सोसतात. तेव्हा कुठे जामीन मिळाला. तोही सशर्त! कारण थोड्या रुग्णांना ओट्समधलं स्वतःचं प्रथिनही सोसत नाही. म्हणून ऑस्ट्रेलियात आजही ओट्सच्या पाकिटावर 'ग्लूटेन-फ्री' लिहायला कायद्याने बंदी आहे. युरोप-अमेरिकेत मात्र मिसळ नसलेल्या ओट्सवर ते लिहिता येतं. एकच दाणा, दोन कायदे.

"मग भाचेरावांना चालतील का, न चालतील?" मी वहिनींना विचारलं.

त्यांनी ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलं होतं! शेवटचा टीटीजी नॉर्मल आला, वजन वाढलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, सर्टिफाइड ओट्स असतील तर थोडे थोडे देऊन बघा, त्या आठवड्यात दुसरं काही नवं देऊ नका, आणि पुढची तपासणी चुकवू नका. (हे आमच्या भाच्यापुरतं. तुमच्या घरात कुणी सीलिअॅक असेल तर या मावशी-आत्यांचे कॉलम वाचून ओट्स सुरू करू नका. डॉक्टरांनाच विचारा.) पण ते ओट्स दुर्गापूरच्या बाजारात मिळत नाहीत, आणि किमतीला साध्या ओट्सच्या दुपटीहून जास्त. राहून गेलं होतं.

मी त्याच रात्री ऑनलाइन ऑर्डर केली. डिलिव्हरी चार दिवसांनी. म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी.

मधले चार दिवस मी घरूनच काम केलं आणि वहिनींच्या स्वयंपाकघरात विद्यार्थिनी झाले. तिथे दोन राज्यं आहेत. डाव्या हाताला पोळीचं राज्य: कणकेचा डबा, पोळपाट, लोखंडी तवा, आई. उजव्या हाताला, वरच्या फळीवर, भाचेरावांचं: वेगळा तवा, वेगळं उलथनं, वेगळी गाळणी, आणि लाल झाकणाचा छोटा मिक्सर. त्या मिक्सरमध्ये गव्हाचा कणही गेलेला नाही. ज्वारी, तांदूळ, नाचणी सगळं वहिनी घरी निवडतात, धुतात, वाळवतात आणि त्यातच दळतात. बाहेरच्या चक्कीत नाही, कारण आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू चक्कीच्या पोटात बसलेला असतो. रोज सकाळी आधी भाचेरावांचा डबा होतो, पुसून-झाकून वर जातो, आणि मगच कणकेच्या डब्याचं झाकण उघडतं. मी आतापर्यंत याला 'वहिनींचं खूळ' म्हणत आले होते. फोनवर आईशी हसलेही होते. ते आठवून कान गरम झाले.

एका सकाळी त्यांनी आयते केले. पुणे-मुंबईकरांनो, तुम्हाला आयते म्हणजे 'आयतं बसून खाणं' एवढंच माहीत असणार. झाडीपट्टीत, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोली-भंडारा या भाताच्या पट्ट्यात, आयते म्हणजे तांदळाच्या पिठाची पातळ धिरडी. वहिनींचं माहेर ब्रह्मपुरीकडचं, म्हणजे हात तयारच. पीठ ताकासारखं पातळ, तवा चांगला तापलेला, आणि पीठ वरून फिरवत ओतायचं. तव्यावर आपोआप जाळी पडते. दोन मिनिटांत कडा सुटतात. अंडं नको, बेकिंग पावडर नको, सर्टिफिकेट तर मुळीच नको. मी दोन वीकएंड घालून जे करत होते ते या भागात तव्यावर कधीपासून चाललंय! तांदूळ एचएमटी. हा तांदूळही इथलाच बरं का. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ च्या सुमारास आपल्या शेतातल्या धानात काही वेगळ्या लोंब्या पाहिल्या, त्या जपल्या, वर्षानुवर्षं निवडून वाढवल्या, त्यातून हे वाण आलं. त्या काळी एचएमटी घड्याळांची हवा होती, म्हणून व्यापाऱ्याच्या हातात गेल्यावर धानाला घड्याळाचं नाव पडलं. दादाजी २०१८ साली गेले. त्यांचं नाव किती जणांना माहीत आहे? तांदूळ मात्र आपण सगळेच खातो.

"मग वहिनी, ओट्स हवेतच कशाला? आयत्यांचाच डोराकेक करू!" मी म्हटलं.

वहिनींनी भाचेरावांकडे बोट केलं. त्यांनी आयता हातात धरून उजेडाकडे पाहिलं, जाळीतून एक डोळा मिचकावला, आणि निकाल दिला, "आत्या, हा आयता आहे. डोराकेक फुगलेला असते."

बरोबर आहे. रोज आयते खाणाऱ्या मुलाला टीव्हीतला डोराकेकच हवा असतो.

पोळ्याचा दिवस मात्र अवघड गेला. घरात पुरणपोळीचा घमघमाट. आईची पुरणपोळी म्हणजे आख्ख्या लाइनीत फेमस. सगळ्यांची पानं वाढली, आणि भाचेरावांच्या ताटात वाटीभर पुरण आणि ज्वारीची भाकरी. तो मुकाट्याने जेवला. हट्ट नाही, रडणं नाही. आठ वर्षांच्या पोराने सणाच्या दिवशी इतकं शहाण्यासारखं वागावं, हे काही बरं दिसत नाही हो. आईने स्वतःच्या पानातली पोळी अर्धी ठेवून दिली. हात धुताना मला हळूच म्हणाली, "माझ्याच हातानं भरवत होती मी त्याले. दोन वर्षं. खा म्हणे, खा म्हणे." पदराने डोळे पुसले आणि आत गेली. 'एवढ्याशानं काय होते' यामागे काय होतं ते मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी: हा पोरांचा पोळा. लाकडी बैल सजवून मुलं मिरवणुकीत येतात, मग घरोघरी जाऊन बोजारा मागतात. कुणी पैसे देतं, कुणी खाऊ. खाऊ म्हणजे बहुतेक बिस्किटाचा पुडा. सकाळी दहाला कुरिअरवाला आला आणि घरात एकदम युद्धपातळीवर काम सुरू झालं.

लाल झाकणाचा मिक्सर खाली आला. मी अंडं मागितलं. आई म्हणाली, "आज? सणाच्या दिवशी? नाव नको काढू." आता आली का पंचाईत! ग्लूटेन नाही म्हटल्यावर पीठ बांधून ठेवायला काहीतरी हवंच. मी नेटवर शोधलं तर उत्तर निघालं जवस. जवसाची पूड पाण्यात भिजवली की अंड्याच्या बलकासारखी चिकट होते. मी म्हटलं, "वहिनी, जवस आहे?" वहिनी दचकल्या, "जव नको हं ताई!" जव वेगळा, जवस वेगळी. पहिल्यात ग्लूटेन आहे, दुसरी तेलबी. लहान मुलांच्या दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरीत जे माल्ट असतं ते बहुतेक याच जवाचं, तेही त्याला बंद. चटणीची जवस आमच्या विदर्भात घरोघरी असते. आईने बरणी काढली. आणि मग, कुणी न सांगता, ती निवडली, धुतली, पंख्याखाली पसरली, कढईत कोरडी केली. कढई उजव्या राज्यातली घेतली. मी पाहत होते. वहिनीही पाहत होत्या.

तर आता लिहून घ्या. एक वाटी ओट्सचं पीठ, म्हणजे शंभरेक ग्रॅम. एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवलेली. (अंडं चालत असेल तर एक अंडं घाला, जास्त फुगतं.) दोन चमचे गुळाची पावडर, चिमूटभर मीठ, एक चमचा तेल, पाऊण वाटी कोमट दूध. हे कालवून पंधरा मिनिटं झाकून ठेवायचं. घट्ट होईल, घाबरू नका, दूध घाला. इडलीच्या पिठापेक्षा किंचित सैल हवं. लहान चमचाभर बेकिंग पावडर अगदी शेवटी, तव्यावर घालायच्या आधी, आणि तिच्याही पाकिटावर घटक वाचा, कारण तिच्यात स्टार्च असतो. तवा मध्यम तापवून आच मंद. पुरीएवढे छोटे घाला, मोठे घातले तर उलटताना मोडतात. वर झाकण. बुडबुडे फुटून कडा कोरड्या दिसल्या की एकदाच उलटायचं, आणि उलथन्याने दाबायचं नाही! मैद्याइतके फुगत नाहीत, रंगही थोडा मातकट येतो. चव मात्र खमंग, भाजणीच्या जवळची.

पॅनकेक तयार. आता मध्ये काय? मी पुण्याहून चॉकलेट स्प्रेड आणलं होतं, पण त्याच्या पाठीमागचा मजकूर वाचायची माझी हिंमत होईना. तेवढ्यात आई कालच्या पुरणाची वाटी घेऊन आली. हे पुरण तिने पोळ्यांच्या आधी, वेगळं काढून, उजव्या फळीवर ठेवलं होतं. जपानी लोक डोराकेकात गोड कडधान्यच घालतात, हे तिला मी सांगितलेलं नव्हतं. तिला फक्त पुरण कशात तरी घालायचं होतं.

दोन पॅनकेक, मध्ये बोटभर पुरण, वरून तुपाचा थेंब. भाचेरावांनी वास घेतला. एक घास. डोळे मोठे. दुसरा घास. मग तोंड भरलेलं असतानाच, "आत्या, डोरेमॉनले माहीत आहे का यात पुरण असते?"

पहिल्या दिवशी त्याला दोनच दिले. डॉक्टरांचं 'थोडे थोडे' वहिनींच्या लक्षात होतं. तिसरा त्याने डब्यात घालून घेतला, दुसऱ्या दिवशीसाठी, पण हट्टाने डबा बैलाच्या गाडीवर ठेवून मिरवणुकीला नेला. संध्याकाळी ग्राउंडवर लाइनीतली पोरं जमली, बैलांच्या शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू, मागे चिमण्यांचा धूर. दोघातिघांनी डब्यात डोकावून हात पुढे केले. भाचेरावांनी झाकण झटकन लावलं.

"हात नका लावू बे! तुमच्या हाताले बिस्किट लागलं आहे."

मी आणि वहिनी इतक्या हसलो की बैल हातातून पडायचा. घरी आलो तर आई ओट्यापाशी उभी, साबणाचा फेस कोपरापर्यंत. वहिनींना पाहून म्हणाली, "धुतले बाप्पा हात. दोनदा. आता देऊ त्याले पाणी?"

"द्या ना आई," वहिनी म्हणाल्या.